बाबांच्या अँपसाठी 52 हजारांचे व्हॉल्व्ह, तेही एफडी मोडून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की बाबांनी इंग्लंडहून आणलेला लीक कंपनीचा स्टिरिओ 20 हा अँप्लिफायर, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर (व्हॅक्यूम ट्यूबवर) चालणारा अँप, बरीच वर्षं बंद होता, आता लावला तर आवाज फाटतोय, आणि एक जण मुलार्ड या जुन्या ब्रिटिश कंपनीचे न वापरलेले चार ईएल84 (स्पीकरला ताकद देणारे व्हॉल्व्ह) आणि एक जीझेड34 (एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह) मिळून 52 हजारांना देतोय, त्यासाठी दीड लाखाची एफडी मोडू का.

एफडीला हात लावू नका. महिन्याचा खर्च 45 हजार आणि कमावणारे तुम्ही एकटे, म्हणजे ती एफडी जेमतेम सव्वातीन महिन्यांची सोय आहे, त्यातले 52 गेले की दोन महिन्यांचेच उरतात. पण अँप तसाच पडू द्या असं मी मुळीच म्हणत नाहीये, बाबांची वस्तू परत वाजावी हा खर्च मला अगदी योग्य वाटतो, फक्त क्रम चुकतोय.

आधी जुन्या व्हॉल्व्ह अँपचं काम येणाऱ्या माणसाकडून कपलिंग कपॅसिटर, म्हणजे एका स्टेजमधून पुढच्या स्टेजला फक्त आवाजाचा सिग्नल जाऊ देणारे आणि डीसी अडवणारे भाग, तपासून घ्या. ते खराब झाले की आधीच्या स्टेजचं डीसी ईएल84च्या ग्रिडवर, म्हणजे करंट कमीजास्त करणाऱ्या आतल्या जाळीवर येतं, व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढतो आणि खोलीत अंधार केला तर आतली प्लेट लाल झालेली दिसते. अशा अँपमध्ये महागडा मुलार्ड लावला तर तोही जळणार, आणि कपॅसिटर तर काही शे रुपयांत येतात, मजुरी वेगळी. स्वतः मात्र उघडू नका, आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही ते लगेच उतरत नाहीत.

मग चालू बनावटीचे ईएल84 घ्या, स्लोव्हाकियातल्या जेजे कंपनीचे मिळतात, किंवा बंगळूरच्या बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) जुने कुणाकडे पडलेले असतील तर व्हॉल्व्ह टेस्टरवर मोजून घ्या, 6बीक्यू5 लिहिलेलं असलं तरी तोच व्हॉल्व्ह. जीझेड34 म्हणजेच 5एआर4. त्याच्या जागी स्वस्तातला 5यू4जी हा रेक्टिफायर बसतो म्हणून कुणी लावायला सांगितलं तर ऐकू नका, जीझेड34चा हीटर 1.9 अँपिअर घेतो आणि त्याचा 3, तो सगळा ताण ट्रान्सफॉर्मरवर येतो आणि तो जळला तर रिवाइंडिंगचा खर्च वेगळाच.

मुलार्ड हवेच असतील तर दरमहा चार हजारांची आरडी लावा, 13 महिन्यांत 52 हजार जमतात, एसआयपी चालू असेल तर तीही थांबवावी लागत नाही. त्याला गुंतवणूक मात्र समजू नका, रोज दोन तास ऐकलं तर वर्षाला 730 तास झिजणारी वस्तू आहे ती.

आणि त्या विक्रेत्याला आत्ताच काचेच्या तळाशी कोरलेल्या कोडचा जवळून फोटो मागा, ब्लॅकबर्नच्या कारखान्यातल्या मालावर दुसऱ्या ओळीत सुरुवातीला इंग्रजी बी (B) असतो. वरचं मुलार्ड हे छापील नाव कुणीही पुन्हा छापू शकतं. चारही ईएल84चं टेस्टरवरचं रीडिंग आणि परत घेण्याची मुदत लेखी देत नसेल तर तो सौदा आरडी पूर्ण झाल्यावरही करू नका.