सारायेवोला येताय, तर खाण्यापिण्याविषयी थोडं

तुमचा प्रश्न वाचला. यजमानांची दोन वर्षांसाठी बोस्नियाच्या राजधानीत, सारायेवोला, बदली झालीय, तुम्ही शाकाहारी, त्यांना चिकन-मटण चालतं पण गोमांस नको, लेक सहा वर्षांची, आणि बॅगेत डाळी किती भरायच्या हे कळत नाहीये. मी इथे नऊ वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अवघड ते सांगून टाकते. बोस्नियात नुसतं मांस म्हटलं की बहुतेक वेळा ते गोमांसच असतं. चेवापी म्हणजे इथल्या माणसाचा जीव की प्राण: बोटाएवढे कबाब कोळशावर भाजतात आणि सोमुन नावाच्या मऊ, फुगलेल्या रोटीत कच्च्या कांद्याबरोबर देतात. पाचाची प्लेट नाहीतर दहाची. त्यात गोमांस असतं, कुठे कुठे मेंढीचंही मिसळतात. घेवड्याच्या घट्ट आमटीला इथे ग्राह म्हणतात, त्यातसुद्धा चवीला सुक्या मांसाचा तुकडा पडलेला असतो, म्हणून ती दिसायला शाकाहारी असली तरी विचारा. ‘बेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द विमानातच पाठ करून टाका. ‘पोस्नो’ हा शब्दही कामाचा आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाचं ते खाणं, त्यात मांस, अंडी, दूध नसतं, मासे मात्र असू शकतात. यजमानांनी ‘पिलेतिना’ (कोंबडी) आणि ‘यान्येतिना’ (कोकराचं मटण) मागावं.

आता तुमच्यासाठी चांगली बातमी म्हणजे ‘पिता’, म्हणजे कणकेच्या अगदी पातळ पापुद्र्यात सारण गुंडाळून भाजलेला पदार्थ. बाहेरच्या देशांत कशालाही बुरेक म्हणतात, पण इथे बुरेक म्हणजे फक्त मांसाचा. चीजची ती सिरनित्सा, पालक-चीजची झेल्यानित्सा, बटाट्याची क्रोम्पिरुशा. चीजच्या पित्याला बुरेक म्हणालात तर दुकानदार हमखास तुम्हाला सुधारेल. सगळं वजनावर मिळतं, सोबत पेलाभर पातळ दही. क्रोम्पिरुशात बटाटा, कांदा आणि भरपूर काळी मिरी असते, लेकीला ती पहिल्याच दिवशी आवडेल. तेलातली आहे की चरबीतली, तेवढं विचारून घ्या.

पण खरा पिता घरचा. आमच्या शेजारच्या आजींना मी त्यांच्या नातवंडांसारखंच ‘नेना’ म्हणते. जेवणाच्या टेबलावर त्या पांढरी चादर अंथरतात, तेल लावून मुरवलेला कणकेचा गोळा मध्ये ठेवतात आणि तळहात उलटे करून खालून ओढत ओढत टेबलभर पसरवतात. खालची चादरीची वीण दिसायला लागली की युफ्का, म्हणजे पित्याचा पातळ पापुद्रा, झाली. आपल्याकडे मांडे करणाऱ्या बायका हातावर मांडा वाढवतात ना, अगदी तसा हात. मी पहिल्यांदा केली तेव्हा चार ठिकाणी फाटली. नेनांनी काही न बोलता फाटलेली बाजू आत घेऊन गुंडाळली.

या नेनांनी बोस्नियाच्या युद्धातला सारायेवोचा वेढा पाहिलाय. ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६, म्हणजे १,४२५ दिवस शहर कोंडलेलं होतं. त्या काळात लोकांनी दुधाच्या पावडरीचं ‘चीज’ केलं, मदतीच्या तांदळाचा पिता केला. मदतीत आलेल्या डबाबंद मांसाचं इथे चक्क स्मारक आहे, इतिहास संग्रहालयाच्या मागे. म्हणून कोणाच्या घरी पानात टाकू नका. कमी घ्या, पण संपवा.

कॉफीचं मात्र नीट समजून घ्या. जेझ्वे नावाच्या तांब्याच्या छोट्या, दांडीच्या भांड्यात कॉफीची पूड आधी नुसतीच गरम करतात, मग उकळतं पाणी ओततात. फेस वर आला की बाजूला काढून पुन्हा क्षणभर विस्तवावर धरतात, आणि राखून ठेवलेलं थोडं पाणी वरून घालतात, म्हणजे गाळ खाली बसतो. कान नसलेल्या फिल्जान नावाच्या इवल्या कपात आधी चमच्याने फेस, मग कॉफी. साखरेच्या खड्याचा कोपरा बुडवायचा, चावायचा, वरून घोट. तासभर जातो. आल्या आल्या मिळते ती दोचेकुशा, गप्पांची ती राझ्गोवोरुशा, आणि आता निघा असं सुचवणारी सिक्तेरुशा. शेजारीण बोलवायला आली तर कपडे वाळत घालायचे राहू द्या, जा. माझी पहिली दोन वर्षं ‘आज वेळ नाही’ म्हणण्यात गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सामानाचं म्हणाल तर लाल मसूर, छोले, घेवडा, तांदूळ इथे मिळतात. मक्याचं पीठ मिळतं, त्याची भाकरी छान होते. हिंग, गोडा मसाला, तूरडाळ आणि मोहरी आणा. भेंडीही मिळते, बामिया म्हणतात. पण सुकवलेली, करंगळीच्या पेराएवढी, दोऱ्यात ओवलेली, गजराच जणू. ती कोंबडीबरोबर घालून बेगोवा चोर्बा करतात. आपला शोरबा तोच हा चोर्बा. दुकानाला दुचान, साखरेला शेचेर. तुर्कीच्या वाटेने आलेले असे शब्द ऐकले की लेक खूश होईल.

शरद ऋतूत आलात तर भाजलेल्या लाल मिरच्यांचा वास गल्लीगल्लीत असतो, आयवार, म्हणजे त्या मिरच्यांची चटणी, करायचे दिवस. तेव्हाच आंबवायला कोबीची पिंपं भरतात. रमजानमध्ये झुता तबियाच्या टेकडीवर सूर्यास्ताला तोफ उडवतात, आणि त्या महिन्यातल्या सोमुनवर कलौंजी पेरलेली असते. रांगेत उभं राहून गरम घ्या, घरी येईपर्यंत अर्धा संपतो.

आणि झाकणाचा एक चांगला स्टीलचा डबा आणाच. शेजारून पित्याची ताटली येईल, ती मी कधीच रिकामी परत केलेली नाही. नेनांना माझे बेसनाचे लाडू आवडतात, वेलची जरा जास्त घातलेले.