मयूरासन: पाय उचलायची घाई नको

अनेक आशीर्वाद.

तुझा मयूरासनाचा व्हिडिओ पाहिला. तळवे जमिनीवर, कोपरं पोटाला टेकलेली आणि सगळं अंग त्यांच्यावर आडवं तोलायचं, असं हे आसन. गुडघ्यांवरून झटका देऊन पाय वर फेकतेस, क्षणभर तरंगतेस आणि नाकावर आपटतेस. ताकद कमी पडते, असं तू लिहिलं आहेस. मला नाही पटत. रोज दंड काढणाऱ्या मुलीकडे मयूरासनापुरती ताकद असते. घोडं अडतंय ते तोलापाशी. कोपरं नाभीशी टेकली की पायांकडचा भाग लांब पडतो, डोक्याकडचा आखूड. छाती तळव्यांच्या पुढे सरकल्याशिवाय पाय हलके होणारच नाहीत. म्हणून पाय उचलणं काही दिवस विसर. पायांचे चवडे जमिनीवर ठेवूनच छाती पुढे नेत राहा. चवड्यांवरचा भार संपत आला की ते आपोआप सुटतील. नाकाची भीती वाटते ना? समोर जाड उशी ठेव, त्यात लाज कसली.

पण त्याआधी मनगटं. तळवे जमिनीवर, बोटं पायांकडे, हे तू बरोबर करतेस. हंसासन याच्यासारखंच, पण त्यात बोटं पुढे असतात आणि अंग पुढे झुकलं की मनगट आणखी दुमडतं, म्हणून ते आत्ता नको. तू मात्र थेट आसनालाच भिडतेस. रोज आधी गुडघ्यांवर ओणवी हो, बोटं गुडघ्यांकडे वळव, कोपरं सरळ ठेवून बैठक हळूहळू मागे ने. हाताच्या आतल्या बाजूला ताण येईल, तो चालेल. मनगटात कळ आली तर तिथेच थांब आणि त्या दिवशी मयूरासन नाही.

कोपरांची खोड जुनी आहे. शाळेत रथसप्तमीला घाईघाईने घातलेल्या सूर्यनमस्कारांत साष्टांगाच्या वेळी कोपरं बाहेर फाकतात आणि ती सवय अंगात मुरते. तुझीही फाकतात. आता नमस्कार कमी घाल, पण खाली जाताना कोपरं बरगड्यांना घासून जाऊ देत. मयूरासनात ती एकमेकींना चिकटून नाभीच्या दोन्ही बाजूंना यायला हवीत, बरगड्यांखाली नव्हे. निसटत असतील तर कोपरांच्या जरा वर पट्टा बांध. आणि तो गुळगुळीत नायलॉनचा पोशाख सरावाला नको. घाम आला की कोपर घसरतं, साधा सुती टी-शर्ट बरा. पोट आवळून टणक ठेव, सैल पोटात कोपरं रुततात.

धड ताठ राहायला शलभासन (पालथं पडून पाय उचलायचं आसन) वाढव, कारण वर गेल्यावर अंगाचा आकार जवळपास तोच असतो. तुझं पद्मासन चांगलं आहे, तेव्हा पद्ममयूरासन आधी करून बघ. मांडी घातली की पायांची लांबी घटते आणि तोल लवकर सापडतो. मला तरी ही पायरी फार उपयोगाची वाटते. काहीजण तिला पळवाट म्हणतात, म्हणू देत.

स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत, म्हणजे हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात, या आसनाचं वर्णन आहे: कोपरं नाभीच्या बाजूंना, शरीर दंडासारखं. जठराग्नी इतका पेटतो की कालकूट विषही पचतं, असंही म्हटलंय. म्हणून काही वडापाव खाऊन सरावाला उभी राहू नकोस! जेवणानंतर किमान चार तास जाऊ देत. पाळीच्या दिवसांत हे आसन पूर्ण बंद. तुझ्या मैत्रिणीला हर्नियाचा त्रास आहे म्हणालीस, तिला हे शिकवायच्या भानगडीत पडू नकोस. उच्च रक्तदाब असलेल्यांनाही नाही.

वर गेल्यावर श्वास कोंडतेस, चेहरा लाल होतो. पोटावर दाब असल्याने खोल श्वास जमणार नाही, पण छोटा छोटा चालू राहू दे. सुरुवातीला पाच सेकंद पुष्कळ. उतरताना आधी पाय टेकव, मग कोपरं सोड. तू उलटं करतेस.

स्पर्धेच्या यादीतून मयूरासन तूर्त काढ आणि तुला पक्कं येणारं आसन घाल. पुढच्या आठवड्यात बाजूने काढलेला व्हिडिओ पाठव. समोरून छाती कुठवर गेली ते दिसत नाही.