आधी नोटीस, मग टेस्ट

प्रश्न : रत्नागिरीत खाडीजवळ आमचा फ्लॅट आहे. ताब्याला साडेचार वर्षं होऊन गेली. स्वयंपाकघराच्या बीमखाली केसाएवढी भेग पडली आहे, पावसाळ्यात तिथून तपकिरी डाग ओघळतो. बिल्डर म्हणतो, प्लास्टरचा तडा आहे, अल्ट्रासॉनिक टेस्ट चांगली आली. इंजिनिअर भाचा नॉनलिनिअर अल्ट्रासॉनिक टेस्ट सुचवतोय. ती करून मग तक्रार करू का? – एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : बाई, टेस्टसाठी थांबू नका. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता कायदा 2016, कलम 14(3) : ताब्यापासून पाच वर्षांच्या आत दोष बिल्डरला कळवला, तर त्याने 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्ती करायची, नाहीतर भरपाई. इथे तुम्ही कळवल्याची तारीख धरतात, अहवालाची नव्हे. आजच ताबापत्र काढून तारीख बघा आणि स्पीड पोस्टाने नोटीस धाडा. 'फोनवर सांगितलं होतं' याला पुरावा नसतो. प्रकल्प महारेरात, म्हणजे या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणात, नोंदलेला नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोनच वर्षं.

प्लास्टरच्या सबबीनेही बिल्डर सुटत नाही. कलमात कामाचा दर्जाही येतो.

भाच्याचं म्हणणं रास्त आहे. नेहमीच्या टेस्टमध्ये ध्वनिलहरीचा वेग मोजतात. जुन्या आयएस 13311 या भारतीय मानकानुसार सेकंदाला 3.5 ते 4.5 किमी म्हणजे 'चांगलं' काँक्रीट. पण मिटलेल्या भेगेच्या कडा एकमेकींना टेकलेल्या असतात, लहर पार जाते आणि वेग फारसा घटत नाही. नॉनलिनिअर टेस्टमध्ये जोरकस लहर सोडली की त्याच कडा टाळी वाजवल्यासारख्या आपटतात, दुप्पट वारंवारतेची लहर उमटते, आणि ती पकडतात.

मी बिल्डरचा वकील असतो तर लगेच विचारलं असतं, 'ही दुप्पट लहर तुमच्या यंत्राचीच कशावरून नाही?' यंत्रातूनही ती थोडी निघतेच. म्हणून त्याच इमारतीतल्या धडधाकट बीमचीही मापं घ्यायला लावा. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, कलम 39 खाली तज्ज्ञाचं मत पुरावा ठरतं, पण ते मानायलाच हवं असं नाही. जोडीला कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढा, आणि डाग गंजाचा दिसतोय तर आतली सळई गंजतेय का याचा अंदाज देणारी हाफ-सेल टेस्टही करा. खाऱ्या हवेत सळईच आधी जाते. टेस्टच्या दिवशी हजर राहायला बिल्डरला लेखी कळवा.

तोवर गवंड्याला प्लास्टर खरवडू देऊ नका, 'तुम्हीच फोडलंत' ऐकावं लागेल. खपल्या पडू लागल्या तर मात्र टेकू लावाच, फोटो काढून. नोटिशीला भेगेचा फोटो जोडा, शेजारी पट्टी धरून काढलेला. शाळेतली चालेल.