कमी भांडवलात धंदा सुरू करून तो वाढवायचा कसा?

तुम्ही विचारलंय की नोकरीतून साठवलेली थोडीशी बचत आहे, कर्ज काढायची इच्छा नाही, तर एवढ्यावर धंदा उभा राहील का आणि पुढे वाढेल का. राहील. सुरू करणं त्यातल्या त्यात सोपं आहे हो, खरी ओढाताण वाढताना होते, कारण काम येत असतं आणि हातात रोकड नसते.

मी छपाईच्या धंद्यात आहे म्हणून तिथलंच सांगते. सुरुवातीला माझ्याकडे मशीन नव्हतं. गिऱ्हाईक मी आणायचे, डिझाइन मी करायचे, प्रूफ, म्हणजे छापण्याआधीचा तपासायचा नमुना, मंजूर करून घ्यायचे आणि छापून दुसऱ्याच्या प्रेसवर घ्यायचे. असं बाहेरून करून घेतलं की मार्जिन कमी सुटतं हे खरंय, पण मशीनचा हप्ता, ऑपरेटरचा पगार, जागेचं भाडं यातलं काहीच डोक्यावर नसतं, त्यामुळे एखादा महिना कोरडा गेला तरी माणूस तग धरतो. आधी मशीन घ्यायचं, ऑफिस थाटायचं आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरायचं, हे कृपा करून करू नका.

झॅपोस ही बुटांची ऑनलाइन कंपनी 1999 मध्ये निक स्विनमर्नने सुरू केली तेव्हा त्याने माल भरलाच नव्हता. दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, वेबसाइटवर टाकले आणि ऑर्डर आली की त्या दुकानातून पूर्ण किमतीला बूट घेऊन पाठवून द्यायचा. त्यात सुटत काही नव्हतं, पण पायात घालून न बघता लोक बूट मागवतात की नाही हे त्याला गोदामात पैसा न अडकवता कळलं.

आता वाढीचं गणित, हे नीट बघा. समजा तुमच्याकडे एकूण 100 आहेत. सगळ्याचा माल घेतला, काम केलं, 120 चं बिल केलं, गिऱ्हाईक पैसे देणार 60 दिवसांनी. पंधरा दिवसांत तेच गिऱ्हाईक दुप्पट काम घेऊन आलं. आता माल लागणार 200 चा आणि हातात शून्य. वहीत 20 नफा दिसतोय आणि गल्ला रिकामा, मग माणूस व्याजाने पैसे उचलतो आणि ते व्याज तो नफा खाऊन टाकतं. तेच काम निम्मे ॲडव्हान्स आणि बाकी माल उचलताना या बोलीवर घेतलं तर? 60 आधी आले, तुमचे फक्त 40 गुंतले, 60 शिल्लक. माल गेला की उरलेले 60 आले, म्हणजे 120. दुसऱ्या ऑर्डरचा ॲडव्हान्स 120. झाले 240, लागणार 200. काम तेच, रेट तोच, फक्त पैसे कधी येणार ते बदललं.

मायकल डेलने 1984 मध्ये 1000 डॉलरवर डेल ही कॉम्प्युटर कंपनी काढली तेव्हा तो 19 वर्षांचा होता. ऑर्डर आली की कॉम्प्युटर बनवायचा ही त्यांची पद्धत पुढे एवढी मुरली की नव्वदच्या दशकाच्या शेवटी पार्ट देणाऱ्यांचं बिल चुकतं करायच्या आधीच गिऱ्हाइकाचे पैसे कंपनीत आलेले असायचे.

ॲडव्हान्स मागायला संकोच वाटतो हे मला माहितीये. मी सरळ कारण सांगते, की चार रंगांच्या कामाला चार प्लेटा, म्हणजे प्रत्येक रंगाचा छापायचा वेगळा पत्रा, लागतात, एकदा तुमच्या मजकुराची प्लेट झाली की ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगाची नाही आणि कागदही तुमच्याच साइजला कापला जातो. बहुतेक लोकांना पटतं. ज्यांना पटत नाही त्यांच्यात कधीकधी मोठ्या नावाचं गिऱ्हाईक असतं, 90 दिवसांच्या उधारीवर ढीगभर काम देऊ करणारं, आणि तसं काम मी हातचं सोडलंय. उधारी झेपेल एवढी गंगाजळी साठल्यावर घ्या ना, कोण अडवतंय, पण सुरुवातीला नाही.

रेट पाडून काम मिळवायचा मोहही होईल. पडलेला रेट त्याच गिऱ्हाइकाकडून परत वर नेणं महाकठीण असतं, त्यापेक्षा वेळेत देण्यावर आणि प्रूफमध्ये चुका न सोडण्यावर जोर द्या. घरखर्चाचं आणि धंद्याचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, नाहीतर किती सुटलं ते कळतच नाही.

मशीन कधी घ्यायचं? बाहेर छापून घेण्यात महिन्याला जेवढे जातात ते हप्ता, पगार, वीज, भाडं या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त व्हायला लागले की. तेसुद्धा सीझनमध्ये मोजू नका, मंदीच्या महिन्यांत मोजा, आणि ओळीने काही महिने तसंच राहिलं तरच जुनं, चालू स्थितीतलं मशीन बघायला लागा.