शंका-समाधान : संशोधक विद्यार्थ्याने शिकवायचे कसे शिकावे?

प्रश्न : मी संख्याशास्त्रात पीएच.डी. करीत असून हे माझे तिसरे वर्ष आहे. या सत्रापासून पदवीच्या पहिल्या वर्षाचे आठवड्याला दोन तास माझ्याकडे सोपवण्यात आले आहेत. प्रमाण विचलन, म्हणजे संख्या त्यांच्या सरासरीपासून किती पसरल्या आहेत याचे माप, मी अगदी सावकाश, दोनदा समजावून सांगितले आणि वर्गाने माना डोलावल्या. चाचणीत मात्र निम्म्याहून अधिक जणांची उत्तरे चुकली. मार्गदर्शकांना सांगितले, तेव्हा ‘शिकवता शिकवताच शिकवायला येते, आम्हाला तरी कोणी शिकवले होते’ असे ते म्हणाले. हे खरे मानावे का? की यासाठी रीतसर प्रशिक्षण हवे, आणि हवे असेल तर त्यात काय असावे?
— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. शिकवण्याचा सराव वर्गात उभे राहूनच होतो. पण पाहणारे आणि चूक दाखवणारे कोणी नसेल, तर त्या सरावाने आपल्या चुकाच अंगवळणी पडतात. प्रबंधाचे एकेक प्रकरण चार-चार वेळा तपासून परत पाठवणारे विभाग त्याच विद्यार्थ्याला भरल्या वर्गापुढे उभे करतात, तेव्हा मागच्या बाकावर एकदाही कोणी येऊन बसत नाही, हे मला फार खटकते.

विषयात खोलवर गेलेल्या माणसाला नवख्याची अडचण दिसेनाशी होते, हा या कामातला सर्वांत मोठा अडथळा आहे. एलिझाबेथ न्यूटन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील १९९०च्या आपल्या पीएच.डी. प्रबंधासाठी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे होते. निम्मी गाणी सहज ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात संपूर्ण चाल घुमत असते आणि ऐकणाऱ्याच्या कानी फक्त टकटक पडते. प्रमाण विचलनाच्या तासाला आपल्या वर्गाचे असेच काहीसे झाले असावे. डोलणाऱ्या मानांवर म्हणूनच विसंबू नये.

यावर मला सापडलेला खात्रीचा उपाय असा, की प्रशिक्षणाची सुरुवात व्याख्यानाने करूच नये, ती उत्तरपत्रिकांपासून करावी. नव्या संशोधक विद्यार्थ्याला आधी एखाद्या प्रश्नाच्या तीस-चाळीस उत्तरपत्रिका द्याव्यात आणि गुण देण्यापूर्वी चुकांची वर्गवारी करायला सांगावे. आपल्याच विषयातले उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याने पाच संख्यांचा मध्य, म्हणजे सरासरी, बरोबर काढला, प्रत्येक संख्येचे मध्यापासूनचे विचलन, म्हणजे फरक, बरोबर लिहिले, त्यांची बेरीज केली, ती शून्य आली, आणि खाली नीटस अक्षरात लिहिले : ‘म्हणून या संख्यांमध्ये विचलन नाही.’ घाईत तपासणारा इथे लाल फुली मारून पुढे जाईल. पण या मुलाने सूचना प्रामाणिकपणे पाळल्या आहेत. मध्यापासूनच्या विचलनांची बेरीज नेहमी शून्यच येते, आणि बेरजेआधी प्रत्येक विचलनाचा वर्ग करावा लागण्याचे एक कारण नेमके हेच आहे. ते त्याला कोणी सांगितलेले नाही. ही उत्तरपत्रिका नीट वाचली, तर पुढच्या वर्षीचा तास कसा सुरू करायचा हे आपोआप कळते : सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना स्वतः बेरीज करू द्यावी, सगळ्यांची शून्य आली की ‘मग आता काय करायचे?’ असे विचारावे आणि थांबावे.

हे थांबणे वाटते तितके सोपे नाही. विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात शाळांतील तासांच्या ध्वनिफिती अभ्यासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे त्यांना आढळले. थांबण्याचा काळ तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक येऊ लागली, शिवाय एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. नवशिक्याला तीन सेकंदांची शांतता असह्य होते. पुढच्या तासाला मनातल्या मनात आकडे मोजून पाहा.

उत्तरपत्रिकांनंतर छोटे पाठ घ्यावेत. १९६०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये सुरू झालेली सूक्ष्म अध्यापनाची पद्धत इथे उत्तम लागू पडते : पाच ते दहा मिनिटांचा पाठ, समोर मोजके विद्यार्थी, एकाच कौशल्यावर लक्ष, लगेच अभिप्राय आणि तोच पाठ पुन्हा. माझ्या मते यातले ‘पुन्हा’ सर्वांत महत्त्वाचे, आणि वेळ कमी पडला की नेमके तेच गाळले जाते. त्यानंतर अनुभवी प्राध्यापकांच्या दोन-तीन तासांना बसावे, आणि मगच स्वतःचे तास घ्यावेत, तेही सत्रातून निदान दोनदा कोणीतरी मागे बसून पाहिलेले. प्रश्नपत्रिका काढणे, गुणदानाचे निकष आधी लिहून ठेवणे, पाठ्यक्रमाची आखणी या गोष्टी कार्यशाळेत शिकता येतात. त्यांचा फार बाऊ करण्याचे कारण नाही.

आपल्या विभागात यातले काहीच नसेल, तर एखाद्या सहसंशोधकाशी ठरवून आळीपाळीने एकमेकांच्या तासाला बसा. विषय वेगळा असला तरी चालेल. किंबहुना मुले कुठे हरवली, हे विषय न जाणणाऱ्याला लवकर दिसते.

प्रश्न : माझ्या विद्यार्थ्याचा प्रबंध आधीच रखडला आहे. त्यात शिकवण्याचे प्रशिक्षण आले, तर संशोधनाचे नुकसान होणार नाही का?
— एक मार्गदर्शक

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, पण उपलब्ध पुरावा तिच्या बाजूचा नाही. डेव्हिड फेल्डन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात विज्ञानशाखांतील संशोधक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी वर्षाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे संशोधन-प्रस्ताव ताडून पाहिले, तेव्हा केवळ संशोधन करणाऱ्यांपेक्षा संशोधनाबरोबर शिकवणाऱ्यांची, पडताळता येईल असे गृहीतक मांडण्यात आणि प्रयोगाची आखणी करण्यात, अधिक प्रगती झालेली दिसली. नवख्याच्या ‘असेच का?’ या प्रश्नाला उत्तर देताना स्वतःच्या पद्धतीचीही झाडाझडती होते, असे मला यामागचे कारण वाटते.

अर्थात, हे मर्यादेत राहून. आठवड्याला दोन तास म्हटले, तरी नव्या विषयाची तयारी त्याच्या कित्येक पट वेळ खाते आणि तपासणीचा वेळ वेगळाच. हे सगळे तास धरून आठवड्याची कमाल मर्यादा सत्राच्या आरंभीच लेखी ठरवा, आणि प्रबंध सादर करण्याच्या सत्रात त्याला तासांतून मोकळे ठेवा. त्याच्या पहिल्या तासाला आपण स्वतः मागे बसा. बाहेर आल्यावर आपले मत लगेच सांगू नका. वर्ग कुठे अडला असे त्याला वाटते, ते आधी विचारा आणि त्याचे पूर्ण ऐकून घ्या.