रीडिंग नाचतंय? आधी अर्थिंग बघ
मॅगमीटरचं, म्हणजे पाइपमधल्या द्रवाचा प्रवाह मोजणाऱ्या विद्युतचुंबकीय मीटरचं, रीडिंग नाचतंय म्हणून लगेच ट्रान्समीटर (सिग्नलचं रीडिंग करणारा त्याचा इलेक्ट्रॉनिक भाग) बदलायला निघू नकोस. मीटरमधल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून द्रव वाहिला की त्यात वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज तयार होतं, आणि दोन इलेक्ट्रोड (द्रवाला टेकलेली धातूची टोकं) ते उचलतात. जेमतेम काही मिलिव्होल्ट! प्लास्टिकच्या किंवा आतून लायनिंग असलेल्या लाइनमध्ये अर्थिंग रिंग (द्रवाला टेकून त्याला अर्थशी जोडणारी धातूची कडी) नसेल, तर आजूबाजूच्या इलेक्ट्रिक मोटर्सचा विद्युत नॉइज हा सिग्नल गिळून टाकतो. म्हणून मी आधी रिंग आणि तिची वायरच तपासतो.

पाइप कायम भरलेला हवा. जमलं तर मीटर वर चढणाऱ्या उभ्या लाइनवरच बसव. आडव्या लाइनवर इलेक्ट्रोड डाव्या-उजव्या बाजूला येऊ देत. एखादा वर आला तर बुडबुडे नेमके तिथेच जमतात. आणि डिझेल-तेलासाठी हा मीटर मागवूच नकोस, त्यातून वीज जवळपास वाहतच नाही.