नावेच्या तळातल्या पाण्यावर डिझेल तरंगतंय. गळती कशी शोधू आणि साठलेल्या डिझेलचं काय करू?

तुम्ही लिहिलंय ते असं: नृसिंहवाडीजवळ कृष्णेत लोखंडी नाव, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागच्या बाकाखाली 60 लिटरची टाकी, इंजिनाखालच्या पाण्यावर डिझेलचा थर, आणि वर सकाळी इंजिन लवकर धरत नाही. ही शेवटची तक्रार वेगळी समजू नका. बहुतेक दोन्हीचं मूळ एकच आहे, पुढं सांगतो.

सगळ्यात आधी तळातलं पाणी आपोआप उपसणाऱ्या पंपाची वायर सोडवा. पाणी वाढलं की पंप चालू करणारा तरंगता स्विच (फ्लोट) उचलला जातो आणि तुम्ही घरी जेवत असताना सगळं डिझेल नदीत जातं. एक लिटर डिझेल एक मायक्रॉन जाडीनं पसरलं तर हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे पाणी झाकतं, आणि खाली संगमावर लोक आंघोळ करतात. मात्र पंप बंद असेपर्यंत दिवसातून दोनदा पाणी किती चढलंय ते बघायला हवं, नाहीतर डिझेलच्या नादात नाव बसायची.

मग टाकीचा कॉक बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, इंजिनावरचं झाकण उघडं. ‘डिझेल कुठं पेट घेतंय’ असं सर्रास म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या साध्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते) भारतीय मानकात (आयएस 1460) किमान 35 अंश आहे. मे महिन्यात पत्र्याच्या झाकणाखाली त्याहून जास्त तापतं, तेव्हा वाफ पेटण्याइतकी असू शकते. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. पेटलेल्या डिझेलवर पाणी ओतायचं नाही.

तळातलं डिझेल काढताना निरमा किंवा भांड्याचा साबण टाकू नका. तवंग दिसेनासा होतो, पण डिझेल कुठं गेलेलं नसतं. पाण्यात बारीक मिसळून बसतं आणि मग वेगळं करता येत नाही. आपल्याकडं लाकडाचा भुसा नाहीतर साखर कारखान्याचं बगॅस (उसाचं चिपाड) टाकायची पद्धत आहे. कोरड्या जमिनीवर ते ठीक, पण नावेत ते आधी पाणी पितं आणि वर पंपाची जाळी तुंबवतं. त्यापेक्षा पांढरे पॉलिप्रॉपिलीनचे तेलशोषक पॅड आणा, ते पाणी घेत नाहीत. नसतील तर प्लास्टिकबंदीनंतर घरात पडून राहिलेल्या कापडासारख्या नॉन-वोव्हन पिशव्या त्याच जातीच्या असतात. फाडून पाण्यावर पसरा, पिळा, पुन्हा पसरा. जाड थर असेल तर आधी उथळ डब्यानं वरचेवर काढून कॅनमध्ये भरा. रात्रभर ठेवलं की पाणी तळाला बसतं. हे डिझेल गाळून परत टाकीत घालायचा मोह आवरा: त्यातलं पाणी आणि गंज इंजिनाच्या डिझेल पंपाचा प्लंजर (आतला दट्ट्या) आणि डिझेल फवारणारं नोझल खातात, आणि ती दुरुस्ती चार लिटर डिझेलपेक्षा कितीतरी महाग. कॅन आणि चिंध्या परवानाधारक वापरलेलं तेल घेणाऱ्यालाच द्या. असे लोक कोण ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयात विचारता येतं.

आता गळती. डिझेल पाइपावरून, इंजिनाच्या पायावरून घरंगळत जातं, त्यामुळं जिथं थेंब पडतो तिथं गळती असेलच असं नाही. सगळं इंजिन, फिल्टर, टाकीच्या जोडण्या पुसून कोरड्या करा. प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राच्या पट्टीची कडी बांधा आणि सपाट भागावर टाल्कम पावडर भुरभुरा. कॉक उघडा आणि रात्रभर इंजिन बंद ठेवा. सकाळी जी कडी ओली ती खूण. मग इंजिनाजवळच्या कड्या काढून टाका, फिरत्या किंवा तापणाऱ्या भागाजवळ कागद नको, आणि इंजिन धक्क्यालाच 15 मिनिटं चालवून बघा. बंद असताना ओलं होतं ते टाकी, नळी, फिल्टर. चालू असतानाच ओलं होतं ते फीड पंपापासून (टाकीतलं डिझेल ओढणारा छोटा पंप) पुढचं, म्हणजे प्रेशरचे पाइप किंवा नोझलवरून परत येणारी ओव्हरफ्लोची बारीक नळी.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय टाकी ते फीड पंप या नळीवर. टाकी भरलेली असते तेव्हा डिझेलची पातळी नळीपेक्षा वर, म्हणून भेगेतून बाहेर पाझरतं. टाकी निम्म्यावर आली की तीच भेग हवा आत घेते, नळीतलं डिझेल मागं टाकीत उतरतं आणि सकाळी इंजिन एअर धरून बसतं. टाकी भरलेल्या दिवशी सकाळी इंजिन पटकन धरतं का, एवढं बघा. धरत असेल तर संशय जवळजवळ पक्का. बाजारात मिळणारी पारदर्शक पीव्हीसीची पेट्रोल नळी डिझेलमध्ये आणि उन्हात पिवळी, कडक होते, क्लिप आवळली की तिथंच चिरते. नायट्रिल रबराची जाळीवाली डिझेल होज घ्या. नावेसाठी आयएसओ 7840 छापलेली आगरोधक होज मिळाली तर पैसे जास्त गेले तरी तीच.

बँजो बोल्टला (डिझेलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी तांब्याचे वॉशर असतात. एकदा दबलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही, नवा घाला. नडलंच तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ होतो. टेफ्लॉन टेप मात्र डिझेलच्या जोडांना नको, तिचे तंतू सुटून पंपात जातात. फिल्टर बदलल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर झाकण उघडून बघा: जुनी रिंग वरच चिकटलेली आणि नवी तिच्यावर बसवलेली, हे फार होतं.

प्रेशरच्या पाइपाला हात लावून गळती शोधायची नाही. अशा साध्या इंजिनाचं नोझलसुद्धा दोनशे बारच्या आसपास उघडतं. केसाएवढी धार कातडीतून आत शिरते, वर टोचल्याएवढी खूण दिसते, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट जाऊ शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवा, ओला डाग पडतो का बघा. पाइप चिरला असेल तर ब्रेझिंग (पितळेनं सांधणं) करून घेऊ नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पंप-नोझलवाल्याकडं जुना पाइप नेऊन तेवढ्याच लांबीचा, त्याच भोकाचा करून आणा, आणि पाइपाला धरणारी क्लिप परत बसवा. तिच्याविना कंपनांनी नवाही तुटतो.

इंजिन ऑइलची पातळी बघायची काडीही काढून बघा. पातळी वाढली असेल आणि तेलाला डिझेलचा वास असेल तर फीड पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटलाय किंवा दांडा झिजलाय. तसं असेल तर इंजिन अजिबात चालवू नका, पातळ तेलानं बेअरिंगं जातात.

टाकीला तळाशी गंजून बारीक छिद्र पडलं असेल तर कोरडा अंगाचा साबण त्यात घासून दाबा. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही, त्यामुळं टाकी रिकामी करेपर्यंत थेंब थांबतो. एपॉक्सीची लांबी (पुट्टी) ओल्या पत्र्यावर धरत नाही. वेल्डिंग करायचं तर टाकी नावेबाहेर काढून, वाफेनं धुऊनच, आणि जाणकाराकडूनच.

आणि एक शक्यता अशी की कुठंच गळत नाही. सकाळी गार डिझेल काठोकाठ भरलं आणि दुपारी टाकी 20 अंशांनी तापली तर 60 लिटरचं साधारण एक लिटर वाढतं, ते टाकीच्या हवेच्या नळीतून बाहेर येतं. 57 लिटरवर थांबा.

काम झालं की फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा. तळ धुतलेलं पाणीही कॅनमध्येच. टाकीकडच्या कागदाच्या कड्या आठवडाभर तशाच असू द्या, टाकी भरलेली असताना आणि निम्म्यावर आल्यावर दोन्ही वेळा बघा, आणि मगच पाणी उपसायच्या पंपाची वायर जोडा.